टापूची कुपाटी

चांदूर बाजारच्या अलीकडं तो तलाव आहे ना, तिथं एप्रिलात कोणी गेलं आहे का कधी? नाही ना? हिवाळ्यात सगळे जातात, फोटो काढतात, बोरं खातात अन् येतात वापस. खरी गंमत उन्हाळ्यात असते बावा. पाणी उतरत जाते तसतशी खालची ओली गाळाची जमीन उघडी पडते, अन् गावातले माळी लोक त्या जमिनीचे तुकडे घेऊन तिथं टरबूज, खरबूज, काकडी लावतात. गाळपेर म्हणतात त्याले. तर त्या गाळपेरात नत्थुजीची वाडी होती. वाडीच्या पुढं पाणी, अन् पाण्यात एक टापू.

नत्थुजीची पोरगी प्राजक्ता. अमरावतीले बीएस्सी करते. गळ्यात दुर्बीण, डोक्याले दुपट्टा, अन् सायकलवर निघाली की गावातले पोट्टे वरडतात, "पाखरायची तलाठीण आली रे!" ती चिडत नाही. उलट वरडून सांगते, "तुया नावाचा सातबारा काहाडू का?" अशी पोरगी.

त्या टापूवर उन्हाळ्यात नदी सुरय अंडी घालतात. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, पाठ राखाडी अन् शेपटी दुभंगलेली. उडते तं असं वाटते की वाऱ्यानंच घडी घालून सोडली आहे. घरटं कशाचं, नुसती रेतीत एक खळगी. त्यात अंडी, मातीच्या ढेकळासारखी, ठिपक्याठिपक्याची. दोन पावलांवर उभं राहिलं तरी दिसत नाहीत.

अन् प्राजक्ताले माहीत होतं की मागच्या दोन उन्हाळ्यांत एकही पिल्लू उडालं नाही. काहून? तं पाणी अजून उतरलं की टापू अन् काठ यांच्यामधी एक जमिनीची चिंचोळी पट्टी वर येते. मान म्हणतात तिले. मान उघडी पडली की कुत्रे टापूवर. संपलं. म्हणून यंदा तिनं जानेवारीतच ठरवलं होतं. कॉलेजातल्या सरांकडून स्टँडवरची मोठी दुर्बीण मागून आणली, बाबाच्या वाडीतल्या मचाणावर लावली, अन् घरी जाहीर करून टाकलं, "यंदा पिल्लं उडनारच."

"त्याहिले सांगतलं का तू?" नत्थुजी म्हणाला.

"सांगतलं."

"काय म्हनले?"

"बाबा, तुमी फक्त कुत्रे हाकला."

कुत्र्यांचं तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. माणसांचं ठरवायचं राहून गेलं.

झालं काय, तिचा मावसभाऊ विपुल आला पातूरहून सुट्टीत. पोरगा चांगला आहे, पण हातात मोबाईल असला की त्याचे पाय जमिनीवर राहत नाहीत. एक दिवस दुपारी प्राजक्ता मचाणाखाली भाकर खाऊन राहिली होती, अन् हा गेला गुडघाभर पाण्यातून टापूवर. सुरय तं त्याले दिसल्याच नाहीत. त्याले दिसली टिटवी. टापूच्या एकदम माथ्यावर, चार अंडी. काढला व्हिडिओ अन् पाठवला मावशीले, म्हणजे प्राजक्ताच्या मायले. अन् वच्छलानं तो टाकला गावच्या ग्रुपवर.

आता तुम्ही म्हणसान, त्यात काय झालं? अरे, टिटवीची अंडी! आपल्याकडं टिटवीनं नदीपात्रात खाली अंडी घातली तं दुष्काळ, उंचावर घातली तं पाऊस बम. चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस. अन् अंड्यांची टोकं खाली असली तं मंग विचारूच नका, नाले भरून वाहणार. गावात अर्धे लोक हसतात याच्यावर, पण कपाशी लावायच्या टाइमले ते हसणारेही विचारतात, "टिटवीचं काय म्हनते?"

अन् कोणाले विचारतात? सूर्यभानजीले. काळ्या जमिनीचे मोठे कास्तकार, पांढऱ्या मिशा, आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून दिला तं त्या धुऱ्यावर बैल थांबते. टिटवीची अंडी वाचणं हे त्यांचं काम. त्यांचे वडीलही वाचत. व्हिडिओ पाहून ते म्हणाले, "फोनातलं पानी फोनातच पडते. मी सोता पाहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानजी धोतर खोचून पाण्यात. त्यांच्यामागं दहाबारा माणसं. टोकं पाहिली. खाली होती. टापूवरूनच हात वर करून सांगितलं, "खाली हायेत!" काठावरच्या लोकांनी अशी शिटी मारली की तलावातले सगळे वारकरी पळाले. वारकरी म्हणजे ते काळे पाणपक्षी, पांढऱ्या कपाळाचे, नाही तं तुम्ही म्हणसान दिंडी आली होती.

इथं संपलं असतं तं बरं झालं असतं. पण सूर्यभानजीनं पाहिलं म्हटल्यावर सगळ्यांलेच पाहायचं होतं. कोणाचा जावई आला, दाखवा टिटवी. शेजारच्या गावचे आले ट्रॅक्टरवर बसून. बाया आल्या हळदकुंकू घेऊन. रोज सकाळी जत्रा.

अन् जत्रा चढली की सुरय सगळ्या वर. टापूवर घिरट्या, कल्ला, कोणाच्या डोक्यावर टोच मार, कोणाच्या टोपीवर हग. लोक हसत. पण प्राजक्ता मचाणावरून पाहून राहिली होती दुसरंच. खाली अंडी उघडी. एप्रिलाचं ऊन. त्या रेतीवर अनवाणी पाय ठेवून दाखवा तुम्ही. माय उठली की अंडी शिजायले टाइम नाही लागत. अन् एक दिवस एका माणसानं सेल्फी काढायले पाऊल मागं घेतलं, अन् त्याच्या चपलेखालून पिवळं निघालं. त्याले समजलंही नाही.

प्राजक्ता धावतच गेली. पाण्यातून, कपड्यांसकट.

"काका, खाली पाहा! अंडे हायेत खाली!"

"हाव ना बाई," तो माणूस म्हणाला, "तेच तं पाहाले आलो."

"टिटवीचे नाई, सुरयचे! सगळीकडं हायेत! तुमच्या पायाखाली फुटलं एक!"

"सुरय कोन?"

"हे काय डोक्यावर वरडून राहिले ते!"

"हे होय? हे तं मासोळ्या खातात. यायच्या अंड्यानं काय पाऊस पडते?"

तरी तिनं सांगितलं, हा पक्षी नद्यांवरून नाहीसा होऊन राहिला, रेती उपसली गेली, बेटं राहिली नाहीत, अशा तलावातले टापूच राहिलेत त्यांच्यासाठी. तो मान डोलवत ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर म्हणाला, "बरं, टिटवी कोनत्या बाजूले हाय?"

तोवर पाणी अजून उतरून मान उघडी पडली होती. मंग तिनं पत्र्याची पाटी रंगवली. "आत जाऊ नये. पक्ष्यांची अंडी आहेत." मानेवर गाडली. दुसऱ्या दिवशी पाटीवर तीन दुपट्टे वाळत होते अन् एका पोट्ट्यानं पाटीसोबत फोटो काढून टाकला, 'आमच्या गावचं पर्यटन स्थळ'. विपुलनं त्याले लाइक केलं. त्या दिवशी प्राजक्ता विपुलले जे बोलली ते मी इथं सांगत नाही. विपुल बिचारा दोन दिवस टरबुजाले पाणी घालत राहिला, कोणी न सांगता.

अन् वच्छला! तिनं तं मोबाईल उचलून डब्यात ठेवून दिला. "माह्यानं झालं हे सगळं," म्हणे.

"माय, तुह्यानं काई नाई झालं."

"ग्रुपवर कोनं टाकलं मंग? मी तं खुशीनं टाकलं वं. पाऊस चांगला होईन म्हून."

आता खरी गोष्ट इथून पुढं.

प्राजक्ता दुसऱ्या दिवशी मचाणावर बसून त्या जत्रेवर डोळे रोखून होती. रागानं. अन् पाहतापाहता तिच्या लक्षात आलं की लोक येतात ते वेडेवाकडे येतात. काठावरून टापूकडे सरळ रस्ता नत्थुजीच्या वाडीतून होता. कोरडा, पायवाटेसारखा. पण एकही माणूस वाडीतून जात नव्हता! पोटऱ्याभर गाळात फसत, शिव्या देत, चपला हातात घेऊन, सगळे कुपाटीच्या बाहेरून वळसा घालून जाऊन राहिले होते. कुपाटी म्हणजे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. कमरेइतकं. एखाद्यानं टांग टाकली तं पार. पण कोणी टाकत नव्हतं. ट्रॅक्टरवरचे नवे पोट्टेही नाही.

कारण वेलाले फळ धरलं आहे. तुम्हाले माहीत आहे ना, आपल्याकडं फळ धरलेल्या वाडीत कोणी विचारल्याशिवाय पाय ठेवत नाही. बाहेरून आवाज द्यायचा, "वाडीवाले, येऊ का?" अन् कोवळ्या फळाकडं बोट तं दाखवायचंच नाही. बोट दाखवलं की फळ सडते. दाखवायचंच असलं तं कोपर दाखवा, हनुवटी दाखवा. लहानपणी सगळ्यांनीच मार खाल्ला आहे त्याच्यासाठी.

प्राजक्ता मचाणावरून उडीच मारून खाली आली.

"बाबा, मानंवर वाडी टाका."

नत्थुजी टरबुजाखाली गवत सारत होता. फळ ओल्या मातीले टेकू नये म्हणून. त्यानं वर पाहिलं. "कुठं?"

"मानंवर. कुपाटी घाला अन् वेल लावा. मंग कोनी टापूवर नाई जानार. कुत्रेही नाई."

"तिथं गोटे हायेत. गोट्यावर काय लावू, गोटे?"

"एक वेल. नुसता एक. फळवाला."

नत्थुजीनं विचार केला. तो विचार करतो तेव्हा कानामागं खाजवतो. "अन् काट्या कुठून आनू? बाभळी तोडाले दोन दिवस लागतीन. तेवढ्यात तुये अंडे उकडून होतीन."

"मागच्या बाजूच्या काढा."

"मागच्या बाजूनं ढोरं येतात प्राजू! फळ भरून राहिलं आता. एक रात ढोरं घुसले तं सप्पा साफ."

आता याचंही खोटं नव्हतं. चार महिन्यांची मेहनत, दिवसरात्र राखलेली. तो काय पाखरांचा दुश्मन थोडाच होता. प्राजक्ता गप्प झाली. ती गप्प झाली हे पाहून विपुलले एवढी भीती वाटली की तो झारी घेऊन उभाच राहिला.

वच्छला न्याहारीचं गाठोडं घेऊन आली होती, अन् ते सगळं ऐकून राहिली होती. गाठोडं खाली ठेवलं, पदर कमरेले खोचला, अन् मागच्या बाजूले जाऊन तिनं पहिली काटी ओढलीसुद्धा.

"अवं, काय करून राहिली?" नत्थुजी ओरडला.

"काट्या काढून राहिली. ढोरं आले तं मी हाकलीन. मी इथंच राहीन."

"तू राहशीन?"

"काहून, तुमीच एकटे वाडीवाले आहात काय?"

संपला विषय. बाप्पा, काय कामाले लागले चौघं! दोन फाट्यांच्या काठ्यांनी काट्या उचलायच्या, मानेपर्यंत न्यायच्या, एकात एक गुंतवून लावायच्या. विपुलच्या हातापायाची चाळणी झाली पण हूं नाही की चूं नाही. नत्थुजी आधी कुरकुरत होता, पण माळ्याच्या हाताले वाकडी कुपाटी कशी सहन होईन? "अशी नाई, बुडखा बाहेर, शेंडा आत," म्हणत त्यानंच अर्ध्याच्या वर लावली. अन् शेवटी त्यानं जे केलं ते प्राजक्ताले सुचलंही नव्हतं. आपल्या वाडीतला एक वेल मुळाच्या मातीसकट अलगद खोदला, घमेल्यात घेतला, अन् मानेवर गोटे बाजूले करून गाळ टाकून लावला. वेलाले लिंबाएवढं एक फळ. वच्छलानं काळ्या हंडीवर चुन्याचे ठिपके दिले अन् काठीवर उलटी टांगली, नजर लागू नये म्हणून.

झाली वाडी. एका वेलाची.

सकाळी सूर्यभानजी आले. सोबत त्यांचे व्याही, व्याह्यांच्या गावचे चारपाच कास्तकार, सगळे नवे कपडे घालून. पाव्हण्यांले टिटवी दाखवायचं कबूल केलं होतं त्यांनी. मानेपाशी आले अन् थांबले. काठीनं चाचपलं. हंडीकडं पाहिलं.

"नत्थू! हे वाडी कधीची?"

"कालची," नत्थुजी म्हणाला.

"कालची वाडी असते काय रे? वेल कुठं हाय?"

नत्थुजीनं हनुवटी पुढं केली. सूर्यभानजीनं वाकून पाहिलं. पाव्हण्यांनीही वाकून पाहिलं. एक पाव्हणा बोट वर करून राहिला होता, दुसऱ्यानं त्याचा हात खाली दाबला.

"एका वेलाले एवढी कुपाटी?" व्याही हसले. "जीव लय हाय बा वेलावर."

सूर्यभानजी हसले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं होतं. मिशीवरून हात फिरवत ते प्राजक्ताकडं वळले. "हे तुयं काम हाय ना वं, तलाठीन? मले अडवाले? माह्या पाव्हन्यासमोर?"

आता तुम्ही सांगा, अशा वेळेस काय बोलणार? त्या मिशांपुढं? प्राजक्ता बोलली. हळू आवाजात नाही, नेहमीच्याच आवाजात.

"तुमाले नाई अडवलं काका. तुमी आवाज द्या, आमी कुपाटी बाजूले करतो. पन आत सगळं कोवळं हाय. हे एक फळ लिंबाएवढं, अन् टापूवर तसेच सगळे खाली पडून हायेत, रेतीवर. कोवळ्याले तुमी बोट दाखवू देत नाई कोनाले. लहानपनी माह्या हातावर फटका मारला होता तुमीच, आठवते? मंग त्या कोवळ्यावर पाय कसा ठेवाचा, तेवढं तुमी सांगा. तुमी म्हनसान तं ठेवतो."

व्याह्यांचं हसू थांबलं. टापूवर सुरय ओरडून राहिल्या होत्या, कुपाटीजवळ माणसं उभी म्हणून, पण अंड्यांवरून उठल्या नव्हत्या अजून.

"पाव्हन्याले काय दाखवू मंग?" सूर्यभानजी म्हणाले. आवाज खाली आला होता.

"मचानावर चला. सगळं दिसते."

मोठ्या दुर्बिणीले डोळा लावायले सूर्यभानजीले थोडा टाइम लागला. आधी आपल्याच पापण्या दिसल्या, मंग नुसतं पाणी, मंग एकदम टिटवी, हातभर अंतरावर असल्यासारखी. ते दचकून मागं झाले. परत डोळा लावला.

"बसली हाय वं अंड्यावर. टोकं कसे दिसतीन?"

"थांबा. बाजूच्या पाखरावर आना. हं, हे पिवळ्या चोचीचं. आता पाहा काय करते."

एक सुरय अंड्यांवरून उठली. उडाली ती सरळ पाण्यावर, पोट पाण्यात बुडवलं, एकदा, परत एकदा, अन् आली वापस. ओलं पोट तसंच अंड्यांवर ठेवून बसली. मंग दुसरी उठली. तिनंही तेच.

सूर्यभानजीनं डोळा काढलाच नाही. खाली पाव्हणे उन्हात उभे. "काय दिसते? टोकं कसे हायेत?" विचारून राहिले. शेवटी बुढ्यानं मान वर केली तं डोळ्यात पाणी आलं होतं, आता एका डोळ्यानं एवढा वेळ पाहिल्यानं आलं का कशानं, देव जाणे.

"पानी आनून राहिली," ते म्हणाले. "पोटाच्या पिसात. अंड्यावर शिपून राहिली. अरे, मी साठ वर्षं टिटवी पाहून राहिलो, पन हे नाई पाह्यलं!"

व्याही चढले. मंग त्यांच्या गावचे, एकेक करून. त्या दिवशी पाव्हणे टापूवर गेले नाहीत, मचाणावरून उतरायलेच तयार नव्हते. अन् जाताना सूर्यभानजी मानेपाशी थांबले अन् त्यांचा तो बैल थांबवणारा आवाज लावला, काठावरच्या नव्या जत्रेसाठी, "वाडी हाय इथं! फळ धरलं हाय! ज्याले पाहाचं त्यानं मचानावरून पाहावं!"

एवढं बोलले अन् झालं. पाटीनं जे नाही झालं ते त्या एका ओरडण्यानं झालं. दुसऱ्या दिवसापासून मचाणाखाली रांग, अन् रांगेत विपुल शिपायासारखा उभा, "हात लावू नका, काचेले हात लावू नका."

फुकटात नाही झालं हं हे. मागच्या उघड्या बाजूनं ढोरं आलीच. वच्छला वाडीच्या दुसऱ्या टोकाले होती, पोचेपर्यंत काठाकडचे दोन वाफे साफ. नत्थुजी त्या तुडवलेल्या वेलांपाशी बसून राहिला. प्राजक्ताले वाटलं, आता बाबा म्हणन, आणा काट्या वापस. तो उठला, फुटलेलं एक टरबूज उचललं, अर्धवट लाल झालेलं, बुक्की मारून चार तुकडे केले अन् सगळ्यांच्या हातात दिले. "फिक्कं हाय," म्हणाला. बस.

अन् ती ढोरं कोणाची होती माहीत आहे? सूर्यभानजीची. दुपारी त्यांची बैलबंडी आली, बाभळीच्या काट्यांनी भरलेली. गड्यानं काट्या उतरवल्या, मागची बाजू लावून दिली अन् गेला. सूर्यभानजी काही आले नाहीत.

मे लागला अन् पहिलं अंडं फुटलं. रेतीच्या रंगाचं कापसाचं बोंड असावं तसं पिल्लू. मंग रोज नवीन. कुत्रे आले, मानेवर काट्यांपाशी उभे राहून भुंकले, गेले. काही पिल्लं घारीनं नेली, तिच्यापुढं कोणाची कुपाटी चालत नाही. पण उरली ती वाढली, पळू लागली, पंख फडफडवू लागली, अन् एका सकाळी एक पोट्टं असं उठलं की टापू सोडून सरळ पाण्यावर गेलं. हेलकावे खात, आता पडते का मंग पडते असं करत, पण गेलं. प्राजक्ता मचाणावर उभी राहून एवढ्यानं ओरडली की खालच्या रांगेतल्या बाईच्या हातातली पिशवी पडली. ओरडली काय, तं नुसतं "गेलं! गेलं! गेलं!" त्या आठवड्यात अजून गेली. ती मोजायचं विसरून गेली, पाखरांची तलाठीण असून.

मंग हिवाळ्यात गाळपेरीचे तुकडे वाटायचे होते. सगळे माळी जमले. पहिल्यांदा कोण काय मागते, तं पाण्याजवळचा, गाळाचा, मऊ तुकडा. त्यावरून दरवर्षी भांडणं. नत्थुजीची पाळी आली तं तो म्हणाला, "मले मान पाहिजे."

सगळे हसले. वाटणाऱ्या साहेबानंही विचारलं, "अहो, तिथं तर दगड आहेत. काय पिकणार?"

"काट्या तिथंच हायेत," नत्थुजी म्हणाला, कानामागं खाजवत. "आता परत कोन उचलन त्या?"

अन् वच्छला मागून म्हणाली, "लिहा साहेब. त्याहिले काय इचारता, मी सांगून राहिली ना. लिहा."